बाई, तो कटोरा मी भरला होता

बाई,

तुमच्या दफनाच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला एकाच्याही बोलण्यावर विश्वास बसला नाही. दोन वर्षांपूर्वी यातलेच काही जण चर्चच्या पायरीवर चपला शोधता शोधता म्हणाले होते, "बाईले आता लय घमेंड आली." त्या दिवशी तेच डोळे पुसत होते, "बाई म्हंजे आमची मायच होती वो." मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि खरं कोण रडतंय ते पाहत होते. माझी ही सवय तुम्हाला आवडत नसे. "तू प्रार्थनेले येते का पंचनाम्याले?" असं तुम्ही एकदा मला सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि सगळे हसले होते.

मीही रडले नाही. पाहणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ लावायचा तो लावला असेल.

काल रविवार होता. काल चर्चमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी तो दुसरा रविवार सांगायला हवा, दोन वर्षांपूर्वीचा. तो तुम्हीही पाहिला आणि मीही पाहिला, आणि आपण दोघींनीही त्याबद्दल एकमेकींशी एक शब्द काढला नाही. तुम्ही का काढला नाही, यावर मी दोन वर्षं विचार केला. एकही उत्तर मला तुमच्या बाजूचं सापडत नव्हतं.

मुळात तुम्ही मला निवडलंत तेव्हापासूनच मला संशय होता. आमच्या भागात वीसेक कॅथलिक घरं, त्यातली अर्धी कामरगावात, बाकीची धनज आणि आजूबाजूच्या गावांत. फादर तालुक्याहून येतात, महिन्यातून दोन रविवार. उरलेल्या रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांनीच करायची मुख्य उपासना, नाही. वाचनं, प्रार्थना आणि आधीच्या मिस्सातली जपून ठेवलेली पवित्र भाकर लोकांना देणं, हे सगळं तुम्ही एकट्या करायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ते हातात घेतलं होतं. मग एक दिवस फादर म्हणाले की प्रापंचिकांनी, म्हणजे आपल्यासारख्या घरसंसारी लोकांनी, पुढे यायला हवं, आणखी माणसं तयार करा. तुम्ही सहा जण निवडले. पाच जण मोठे, बोलके, लोकांच्या अडीअडचणीला धावणारे. आणि सहावी मी, जी दुकानात गेली तर वस्तूकडे बोट दाखवते.

मला वाटलं, यांना इंग्रजी येणारं कुणीतरी हवं आहे. पहिल्याच शनिवारी तुम्ही धर्मप्रांताच्या कार्यालयातून आलेलं इंग्रजी पत्र माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "कॉन्व्हेंटवाली, हे काय म्हनून राह्यले सांग बरं." माझा संशय पक्का झाला. पत्र मी वाचून दाखवलं आणि घरी आल्यावर आईला सांगितलं की बाईंना फुकटची कारकून पाहिजे.

आई म्हणाली, "मंग होय नं कारकून. घरी बसून तरी काय करते?"

शिकवण्याची तुमची रीत मला आधी विचित्र वाटली आणि नंतर क्रूर वाटली. तुम्ही दारात सूप घेऊन तूर निवडत बसायच्या आणि आम्ही वेदीजवळ उभं राहून वाचायचं. ऐकू आलं नाही की तुम्ही न बघता हात वर करायच्या. माझ्या वेळी तो हात खाली यायचाच नाही. मला देवनागरी वाचता येते, पण मोठ्याने वाचताना जोडाक्षरापाशी माझी जीभ थांबते, म्हणून मी उतारा इंग्रजी लिपीत उतरवून आणला होता. तुम्ही उठून जवळ आलात आणि कागद माझ्या हातातून काढून घेतलात.

"हे काय वो? मराठीले इंग्रजी झगा घातला?"

मी म्हटलं, "मला असं सोपं जातं."

"तुले जाते. आन उद्या तू आजारी पडली तं हा कागद सुभाषभाऊनं कसा वाचाचा?"

सुभाषभाऊ म्हणजे आमच्या सहा जणांतले भाजीवाले. धनजच्या रस्त्याला त्यांची वांगी-मेथीची बागायत आहे. ते लगेच म्हणाले, "बाई, मले तं मराठीतला बी वाचता येत नाही धड." सगळे हसले. मी हसले नाही, पण मला जरा मोकळं वाटलं, आणि पुढच्या शनिवारी मी पुस्तकातूनच वाचलं.

आजाऱ्यांच्या घरी भाकर घेऊन कसं जायचं तेही तुम्ही शिकवलंत. आधी बसायचं. त्यांनी दिलेलं पाणी प्यायचं, पेल्याकडे निरखून बघायचं नाही. मग विचारपूस, मग प्रार्थना. "आपन प्रभूले घेऊन गेलो म्हून आपन काई मोठे नाही. पोस्टमन आहे आपन," असं तुम्ही म्हणायच्या. सुभाषभाऊंच्या आईकडे तुम्ही मला बरोबर नेलं होतं. ती म्हातारी माझा हात सोडत नव्हती आणि काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. तुम्ही कोपऱ्यात बसून छोट्या वहीत काहीतरी लिहीत होतात. मला खात्री होती की ते माझ्याबद्दल आहे. परत येताना मी चोरून वही पाहिली. त्यात म्हातारीच्या गुडघ्याच्या मलमाचं नाव होतं आणि खाली "जुनं धोतर, मऊ" असं लिहिलेलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. उलट मला वाटलं, माझ्याबद्दलची वही वेगळी असेल.

मी अशी आहे, बाई. हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही चर्चची किल्ली माझ्या हातात दिलीत.

त्या रविवारी फादर येणार होते. सकाळी लवकर तुम्ही मला वेदी पुसायला आणि फुलं लावायला पाठवलंत. वेदीमागच्या भिंतीत जी पवित्र पेटी आहे, जिच्यासमोर लाल दिवा जळतो, तिची छोटी किल्लीही त्याच जुडग्यात होती. आतली धूळ पुसायला तुम्ही सांगितलं होतं. मी पेटी उघडली. झाकणाचा सोनेरी कटोरा बाहेर काढला आणि झाकण उचलून पाहिलं. तळाशी पवित्र भाकरीच्या सात-आठ पातळ चकत्या उरल्या होत्या. बाजूच्या खोलीत, जिथे फादरांची वस्त्रं असतात, तिथे कोऱ्या चकत्यांचा स्टीलचा डबा होता.

आमच्या घरी पाहुणे येणार असले की आई आधी साखरेचा आणि चहाचा डबा भरते. अर्धा डबा पाहुण्यांसमोर उघडायला तिला आवडत नाही. माझा हात तसाच गेला. मी डब्यातून दोन मुठी घेतल्या आणि कटोऱ्यात टाकल्या, जुन्यांवर. वर हलवून सारख्याही केल्या. फादर मिस्सात कटोरा बाहेर काढतील, प्रार्थना म्हणतील, ती सगळ्या चकत्यांना लागेल, इतकंच माझ्या डोक्यात होतं. मी मदत करत होते.

तुम्हाला हे सांगायला नको, तरी लिहिते. मिस्सात फादर जिच्यावर प्रार्थना म्हणतात ती भाकर आमच्यासाठी प्रभू असते. जिच्यावर म्हटली नाही ती नुसतं गव्हाचं पीठ. दिसायला, चवीला, वजनाला दोन्ही सारख्या. एकदा मिसळल्या की जगातल्या कुणालाही वेगळ्या करता येत नाहीत.

नऊ वाजता फादरांचा फोन आला, गाडी बंद पडली, बाई तुम्हीच चालवा. मी तेव्हा दुसऱ्या बाकावर होते. तुम्ही प्रार्थना सुरू केली. पहिलं वाचन झालं, दुसरं झालं. मला अजून वेळ होता. मी उठून तुमच्या कानात सांगू शकत होते. मी मनात वाक्य तयार केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि ते तयार होईपर्यंत तुम्ही पेटी उघडली होती. सुभाषभाऊ त्यांच्या आईला धरून सगळ्यांत पुढे येऊन उभे होते. ती धनजहून जीपने आली होती, कित्येक महिन्यांनी.

तुम्ही झाकण उचललंत आणि थांबलात.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कटोऱ्यात किती उरल्या होत्या ते तुम्हाला माहीत होतं, मागच्या रविवारी तुम्हीच दिल्या होत्या. आता तो काठोकाठ होता. तुम्ही मान वर केली नाही. तुम्ही कुणाकडेही पाहिलं नाहीत, आणि मला तेच संशयास्पद वाटलं. माणूस गोंधळला की इकडेतिकडे बघतो. तुम्ही बघितलं नाहीत, म्हणजे कुणाकडे बघायचं नाही ते तुम्हाला माहीत होतं.

मग तुम्ही झाकण लावलंत, कटोरा पेटीत ठेवलात, गुडघे टेकलेत आणि म्हणालात, "आज आपन प्रभूले मनातच घेऊ." आणि कोरोनात मोबाईलवर मिस्सा बघताना म्हणायचो ती प्रार्थना सुरू केली. लोक एकमेकांकडे बघत होते. सुभाषभाऊंच्या आईचे हात तसेच पुढे केलेले होते. ते खाली घ्यायला तिला कुणीतरी सांगावं लागलं.

बाहेर काय झालं ते तुम्ही ऐकलंत. सुभाषभाऊ ओरडले, "माह्या मायले एवढ्या दुरून आनलं, आन बाईनं पेटी बंद केली! काहून? आमी काय पाप केलं?" कुणी म्हणालं, तब्येत बरी नसेल. कुणी म्हणालं, आता ट्रेनिंग देते नं, मोठी झाली. मी गर्दीत होते. माझ्या बाजूलाच आई उभी होती आणि तीही म्हणाली, "बाईनं असं कराले नको होतं." मी काहीच बोलले नाही.

सगळे गेल्यावर मी माझी ओढणी राहिली म्हणून परत आले. खरं तर ओढणी माझ्या गळ्यातच होती. दार अर्धं लोटलेलं होतं. तुम्ही वेदीसमोर खाली बसला होतात, कटोरा मांडीजवळ, आणि त्यातली एकेक चकती तोंडात टाकत होतात. एक टाकली की डोळे मिटायच्या, चघळायच्या नाहीत, विरघळू द्यायच्या, मग दुसरी. कोणती प्रभू आणि कोणतं पीठ ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून तुम्ही सगळ्यांना सारखा मान देत होतात. दोन मुठी. तुम्हाला मध्येच ठसका लागला. घसा कोरडा पडला असणार. तुम्ही छातीवर हात ठेवून थांबलात आणि पुन्हा सुरू केलंत.

मी आत येऊन तुमच्या शेजारी बसायला हवं होतं. निदान पाणी आणून द्यायला हवं होतं. मी दाराआडून पाहत राहिले आणि मनात म्हणाले, या पुरावा संपवत आहेत. पण कुणाच्या विरुद्धचा? माझ्या की स्वतःच्या? शेवटी तुम्ही कटोऱ्यात पाणी घेतलंत, विसळलंत, तेही प्यायलात आणि फडक्याने आतून पुसलंत. मी तुमच्याआधी निघून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही नेहमीसारख्या तूर निवडत बसला होतात. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "रीना, वाच." बस्स. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग फादर आले, त्यांच्याकडे तक्रार गेली, त्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "हात थरथरून राह्यले होते, फादर. सांडन असं वाटलं." लोकांचं समाधान झालं नाही. सुभाषभाऊंनी तुमच्याशी बोलणं सोडलं. त्यांची आई उन्हाळ्यात गेली. फादरांनी घरी जाऊन तिला भाकर, शेवटचे संस्कार, सगळं दिलं होतं, तिचं काही राहिलं नव्हतं, पण सुभाषभाऊंचं राहिलं. तुम्ही तिच्या मातीला गेलात तेव्हा ते तुमच्या बाजूला उभे राहिले नाहीत.

मी प्रत्येक वेळी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही कधी सांगणार याची वाट बघत होते. माझ्या नावावर टाकण्यासाठी तुम्ही योग्य वेळ शोधत आहात अशी माझी समजूत होती.

मग बिशपांचं पत्र आलं. लोकांना भाकर द्यायची परवानगी पाच जणांना. सहावं नाव नव्हतं.

मला जे वाटत होतं तेच झालं, याचं मला एक प्रकारचं समाधान वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी शनिवारी येणं बंद केलं. आई विचारायची तेव्हा मी म्हणायचे, ट्यूशनची मुलं वाढली. तुम्ही रस्त्यात दिसलात की मी मोबाईल कानाला लावायचे. तुम्ही एकदा म्हणालात, "कोनाशी बोलते वो इतकी? आमाले तं दोन शब्द मियत नाही." मी हसले आणि बंद फोनवर बोलत पुढे गेले.

आपलं भांडण झालं ते कामरगावच्या जीप थांब्यावर. इतर कोणी ओळखीचं नव्हतं, नाहीतर माझी हिंमत झाली नसती.

"माझं नाव तुम्ही काढलं ना?" मी विचारलं.

"हो. मीच काढलं."

तुम्ही नाही म्हणाल, अशी माझी तयारी होती. हो म्हणाल याची नव्हती.

"का?"

"काहून ते तुले ठाऊक नाही?"

"नाही."

"मंग ठाऊक झालं की भेटजो."

"तुम्ही सरळ का बोलत नाही, बाई?"

तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. "हे कोन कोनाले म्हनून राह्यलं?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणणार होते की एका चुकीसाठी तुम्ही माणसाला असं टांगून ठेवता, तुम्ही शिक्षिका कसल्या. तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमी म्होरं बसा. पोट्टी, तू मांगं सरक." मी कांद्याच्या पोत्यांमध्ये बसले आणि पूर्ण रस्ताभर तुमच्या अंबाड्याकडे बघत मनात भांडत राहिले. तुम्ही उतरलात तेव्हा मागे वळून हात केलात. मी दुसरीकडे पाहिलं.

दवाखान्यात मी एकदा आले होते. तुमच्या खाटेभोवती माणसं होती. मी आईने दिलेला खिचडीचा डबा स्टुलावर ठेवला. तुम्ही झोपला होतात, किंवा तसं दाखवत होतात. माझं मन तिथेही थांबलं नाही. नुसतं "बाई" म्हणून हाक मारली असती तरी चाललं असतं. मी डबा ठेवून आले, आणि परत घ्यायला गेलेच नाही.

तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी फादर घरी आले. ते केरळचे आहेत आणि पुस्तकातल्यासारखी मराठी बोलतात. म्हणाले, "रीना, येते दोन रविवार मी येऊ शकणार नाही. भाकर देण्याचं काम नको, फक्त वाचन आणि प्रार्थना. ती तू चालव."

आई मला कोपराने ढोसत होती. "हो म्हन. नुसती मुंडी काय हालवते?"

मी म्हटलं, "बाकीच्यांकडे बिशपांचं पत्र आहे. माझ्याकडे नाही."

"मला माहीत आहे. पण बाईंनी दवाखान्यात मला तुझंच नाव सांगितलं."

"त्यांनीच माझं नाव काढलं होतं."

"मीही हेच विचारलं," फादर म्हणाले. त्यांनी तुमचे शब्द तुमच्यासारखे म्हणायचा प्रयत्न केला आणि आई हसली, मी मात्र हसू शकले नाही. "त्या म्हणाल्या, 'तवा ते बोलाच्या वेळी बोलली नाही, म्हून काढलं. चुकली म्हून नाही. पन ते तिले टोचून राह्यलं, मले दिसते. टोचते म्हंजे शिकन.' मी विचारलं, कशाबद्दल बोलता? तर म्हणाल्या, 'ते मी नाही सांगनार.'"

फादर माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच माहीत नाही, की माझ्याकडून काढून घ्यायला आले आहेत, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. मला ते मिळालं नाही. त्यांनी चहा संपवला आणि गेले.

मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे, बाई. मी वर्गातलं झोपाळू पोर होते का, की तुम्ही फळ्यावर अर्धा प्रश्न लिहून उत्तराची वाट बघत बसलात? घमेंडखोर म्हणून लोक तुम्हाला नावं ठेवत होते, सुभाषभाऊ तुमच्याकडे पाठ फिरवत होते, आणि ते सगळं माझ्या वाटचं होतं. ते तुम्ही अंगावर घेतलंत ते माझ्यावरच्या मायेनं, की मला कधी ना कधी लाज वाटावी म्हणून? मी हे दोन्ही धरून बघते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. तुम्ही मला एकदा एकटीला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण मी सांगितलं नसतं. मी म्हटलं असतं की मला माहीत नाही, आणि मग ते खोटं आपल्या दोघींत कायमचं राहिलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून निदान मला खोटं बोलावं लागलं नाही. एवढ्यासाठी मी तुमचे आभार मानते, आणि ते मानताना मला त्रास होतो.

काल सकाळी मी चर्चमध्ये गेले तेव्हा माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. काही जण मी कशी अडखळते ते बघायला आले होते, हे मला माहीत आहे. सुभाषभाऊ डावीकडे तिसऱ्या बाकावर होते. मी क्रूसाची खूण केली, सुरुवातीची प्रार्थना म्हटली. मग वाचनाचं पुस्तक उघडायच्या आधी म्हणाले की मला काही सांगायचं आहे.

मी काही लिहून नेलं नव्हतं. फक्त झालं तसं सांगितलं. किल्ली, पेटी, डबा, दोन मुठी. फादर आले नाहीत. मी दुसऱ्या बाकावर बसून राहिले. बाईंनी झाकण उघडलं, त्यांना कळलं, म्हणून त्यांनी कुणाला भाकर दिली नाही. आणि लोक गेल्यावर त्यांनी ती सगळी एकटीनं खाल्ली, ते मी दाराआडून पाहिलं.

पुढच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "म्हंजे बाईनं तवा वाटलं असतं तं आमी पिठाले हात जोडले असते?" कुणीतरी हसलं, कुणीतरी "श्श" केलं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

सुभाषभाऊ उठले. "तू तवाच काहून नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"आन मंग?"

"मग पण वाटली."

"दोन वर्षं?"

मी मान हलवली. त्यांनी बाकाची पाठ धरली होती. "त्या दिवशी मायले घरी नेल्यावर मी परत आलो होतो. बाई कुलूप लावून राह्यली होती. मी तिले म्हनलं, तुह्या हातानं आता आमाले काईच नको, मेल्यावर मातीबी नको. ते म्हनली, बरं भाऊ. ते बोल मी आता कोनापासून परत घेऊ?"

तुमच्या कबरीत माती टाकताना ते मागे का राहिले होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना नाटकी म्हणत होते मनात. बाई, तुम्ही त्या दिवशी त्यांना एवढं म्हणू शकत होतात की चूक माझी नाही. तुम्ही म्हणालात, बरं भाऊ. आणि मी तोवर घरी पोहोचून हात धुऊन जेवायला बसले होते.

सुभाषभाऊ बसले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. तसेच उभे राहिले. मला वाटलं, मीच खाली उतरावं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "वाच आता. लोकं ताटकयले." मी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीत अडखळले, दुसरीत पुन्हा अडखळले, आणि मग वाचलं. वाचताना लोकांकडे बघायचं होतं, ते मला जमलं नाही. प्रार्थना झाली, शेवटचं गाणं झालं. फादरांना मी संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाईंच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणेन, आणि थोडा तुझ्यासाठीही."

पण त्याआधीचं राहिलं. चर्चमधून निघताना सुभाषभाऊ पायरीवर उभे होते. मी बाजूने जायला बघत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी येजो."

ते बोलावत होते की बजावत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, आणि चेहरे वाचण्यात मी सहसा चुकत नाही. मी घरापर्यंत त्याचाच विचार करत आले.

मी जाणार आहे, बाई.